अमेरिकेतील ब्लॅक मेटल संगीताचा विकास : भूमी, वारसा आणि उसनवारी

प्रास्ताविक

कोणताही कलाप्रकार ज्या भूमीत जन्मास येतो त्या भूमीचा ठसा त्याच्यावर उमटतो, हे सर्वमान्य आहे. मात्र तोच कलाप्रकार समुद्र ओलांडून परक्या देशात रुजू लागला म्हणजे त्या ठशाचे काय होते, हा प्रश्न तुलनेने कमी विचारला जातो. 'ब्लॅक मेटल' या संगीतप्रकाराचा अमेरिकेतील प्रवास हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण होय. येथील 'ब्लॅक' या शब्दाचा कृष्णवर्णीयांशी संबंध नसून तो काळ्या जादूचा व सैतानपूजेचा निदर्शक आहे, हे आरंभीच नमूद करणे आवश्यक आहे. कारण याच शब्दसाम्यातून पुढे एक महत्त्वाची निर्मिती घडली.

उगम व स्वरूप

इंग्लंडमधील 'व्हेनम' या बँडने १९८२ साली 'ब्लॅक मेटल' नावाचा अल्बम काढला व या प्रकारास नाव मिळाले. त्याला आज परिचित असलेले रूप मात्र १९९० च्या दशकाच्या आरंभी नॉर्वेत प्राप्त झाले. गिटारच्या तारेवर एकच स्वर अतिजलद, अखंड छेडत राहणे, ड्रमवर श्वास घेण्यास उसंत न देणारे आघात, गाण्याऐवजी किंकाळीसदृश आवाज आणि हेतुपुरस्सर ओबडधोबड ठेवलेले ध्वनिमुद्रण ही त्याची ठळक लक्षणे. वादक प्रेतासारखे पांढरे-काळे तोंड रंगवीत आणि टोपणनावे धारण करीत.

या संगीतामागे एक तक्रार होती. ख्रिस्ती धर्म हा आपल्या पूर्वजांवर लादला गेला आणि त्यामुळे आपली मूळ संस्कृती लोपली, असे या तरुणांपैकी अनेकांचे म्हणणे होते. ६ जून १९९२ रोजी बर्गेन शहरानजीकचे फान्टोफ्ट येथील मध्ययुगीन लाकडी चर्च जाळण्यात आले व त्यानंतर अशा घटनांची मालिकाच सुरू झाली. ऑगस्ट १९९३ मध्ये 'मेहेम' बँडचा गिटारवादक युरोनिमस याचा खून झाला. 'बुर्झुम'चा वर्ग विकर्नेस यास १९९४ साली त्याबद्दल २१ वर्षांची शिक्षा झाली. या गुन्ह्यांचे उदात्तीकरण पुढे जगभर झाले, ही खेदाची बाब होय.

येथे एक विरोधाभास ध्यानात घ्यावा लागतो. नॉर्वेतील हे बंड ज्या संगीताविरुद्ध होते त्याचे एक मुख्य माहेर अमेरिकाच होती. फ्लोरिडातील टँपा शहराच्या परिसरात 'डेथ', 'मॉर्बिड एंजल' आदी बँडनी डेथ मेटल हा प्रकार नावारूपास आणला होता. तंत्रशुद्ध वादन आणि सफाईदार ध्वनिमुद्रण ही त्याची वैशिष्ट्ये. 'डार्कथ्रोन' या नॉर्वेजियन बँडचा १९९१ चा पहिला अल्बम याच वळणाचा होता. पुढच्याच वर्षी त्यांनी ती वाट सोडली. त्यामुळे ब्लॅक मेटल वाजवू पाहणाऱ्या अमेरिकन तरुणास जणू स्वतःच्याच घराविरुद्ध उभे राहावे लागले.

अनुकरण आणि एकांत

आरंभीचे अमेरिकन प्रयत्न विखुरलेले होते. न्यूयॉर्क राज्यात 'प्रोफॅनॅटिका', टेक्ससमध्ये 'अब्सू', सॅन फ्रान्सिस्कोत 'व्हॉन' असे बँड उदयास आले. 'व्हॉन'ची १९९२ ची 'सॅटॅनिक ब्लड' ही डेमो कॅसेट इतकी साधी, एकसुरी व मंत्रवत आहे की तिला अनुकरण म्हणणे अन्यायाचे ठरेल. इलिनॉय राज्यातील 'जुडास इस्कॅरियट' हा एकाच व्यक्तीचा बँड मात्र सर्वस्वी युरोपकडे तोंड करून उभा होता. मक्याच्या सपाट शेतांच्या प्रदेशात राहून उत्तर युरोपीय अंधाराची कल्पना करणे यात काहीसे केविलवाणेपण आहे, परंतु त्या संगीतातील तळमळ खोटी नव्हती. १९९८ साली 'लॉर्ड्स ऑफ केऑस' हा नॉर्वेतील घटनांवरील ग्रंथ अमेरिकेत प्रसिद्ध झाला. अनेक अमेरिकन वाचकांना या संगीताची ओळख अशी प्रथम गुन्हेवृत्ताच्या रूपाने झाली.

खरे वळण कॅलिफोर्नियात आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'वीकलिंग' या बँडने २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'डेड अ‍ॅज ड्रीम्स' या एकमेव अल्बममध्ये अवघ्या पाच रचना सव्वा तासाच्या आसपास विस्तारल्या. त्याच सुमारास लॉस एंजेलिसनजीकच्या अल्हाम्ब्रा येथे 'झॅस्थर' आणि सॅन फ्रान्सिस्कोत 'लेव्हायथन' हे एकेका व्यक्तीचे बँड घरातच ध्वनिमुद्रण करीत होते. त्यांच्या संगीतात ना पूर्वज, ना देवता. आहे तो केवळ उपनगरातील बंद खोलीतील मनुष्य आणि त्याचे नैराश्य. वारसा नसणे हाच येथे आशय झाला. अमेरिकन ब्लॅक मेटलचा स्वतंत्र स्वर प्रथम येथे ऐकू येतो, असे म्हणावयास हरकत नाही.

अरण्य आणि कोळसा

वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिया येथील अ‍ॅरन व नेथन वीव्हर या बंधूंच्या 'वुल्व्ज इन द थ्रोन रूम' या बँडने २००६ चा 'डायडेम ऑफ ट्वेल्व्ह स्टार्स' व २००७ चा 'टू हंटर्स' या अल्बमांतून भूमीचा प्रश्न पुन्हा उपस्थित केला. या प्रदेशातील प्राचीन वृक्षराजीच्या तोडीवरून दीर्घ संघर्ष झाला होता. ठिपकेदार घुबडाची तेथील जात १९९० साली संकटग्रस्त घोषित झाल्यानंतर तो अधिकच चिघळला. वीव्हर बंधूंची प्रेरणा या पर्यावरणवादी चळवळीतून आलेली होती. सैतानाची जागा अरण्याने घेतली. तथापि अरण्यास निर्मनुष्य व पवित्र मानताना तेथे सहस्रावधी वर्षे राहणाऱ्या मूलनिवासींचा विसर पडतो, ही त्रुटी येथे जाणवते. भूमीवरील प्रेम आणि भूमीवरील हक्क यांतील अंतर लहान असते. या संगीताच्या काही गटांनी त्याचा उपयोग वंशश्रेष्ठत्वाच्या प्रचारासाठी केला, युरोपात आणि अमेरिकेतही.

या पार्श्वभूमीवर 'पॅनॉप्टिकॉन' या नावाने ऑस्टिन लन यांनी २०१२ साली काढलेला 'केंटकी' हा अल्बम विशेष अभ्यासनीय आहे. केंटकी राज्याचा पूर्व भाग अ‍ॅपलेशियन पर्वतराजीत मोडतो व कोळसा हे तेथील संपत्तीचे आणि विपत्तीचेही कारण. १९३० च्या दशकात हार्लन परगण्यात खाणमालक आणि कामगार यांच्यात सशस्त्र संघर्ष झाला. १९३१ साली फ्लॉरेन्स रीस या कामगार संघटकाच्या पत्नीने 'विच साइड आर यू ऑन?' हे गीत रचले. लन यांनी हे गीत व खाणकामगारांची अन्य गीते अल्बममध्ये समाविष्ट केली. किंकाळ्या आणि ड्रमचे आघात थांबतात व बँजो, फिडल यांचा आवाज सुरू होतो. ('बँजो' म्हणून महाराष्ट्रातील मिरवणुकांत जे वाद्य वाजते ते वस्तुतः बुलबुल तरंग होय, हे चामड्याने मढविलेले, छेडून वाजविण्याचे तंतुवाद्य निराळे.) एका रचनेचा विषय चेरोकी लोकांचे लोकपरंपरेत सांगितले जाणारे हत्याकांड हा आहे, तर दुसरीचा डोंगरमाथे सुरुंगाने उडवून कोळसा काढण्याची व त्याचा राडारोडा दऱ्यांतील ओढ्यांत लोटण्याची पद्धत हा.

नॉर्वेजियन नमुन्यात वादक पूर्वजांच्या वैभवाचा शोक करतो. 'केंटकी'त शोक आहे तो हरलेल्यांचा, आणि हरविणाऱ्यांत वादकाच्या स्वतःच्या समाजाचाही समावेश आहे. ज्या बँजोस 'डोंगरी गोऱ्यांचे' वाद्य मानले जाते ते आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी घडविलेले आहे, हेही विसरता येत नाही.

शुद्धतेचा वाद

ब्रुकलिनच्या 'लिटर्जी' बँडच्या हंट-हेंड्रिक्स यांनी २००९ साली तेथील एका परिसंवादात वाचलेला 'ट्रान्सेंडेंटल ब्लॅक मेटल' हा निबंध, तसेच गुलाबी मुखपृष्ठाचा 'डेफहेवन'चा 'सनबेदर' हा २०१३ चा अल्बम यांवरून बरेच वादंग झाले. हे ब्लॅक मेटल नव्हेच, असा आक्षेप होता. अशा वादांत आक्षेपकांचा रोख बहुधा संगीतापेक्षा वादकांच्या पेहरावावर व शिक्षणावर राहिला, हे सांगितले पाहिजे.

अधिक मूलगामी प्रश्न अनपेक्षित ठिकाणाहून आला. स्विस पिता व आफ्रिकी-अमेरिकी माता यांचे पुत्र मान्युएल गान्यो न्यूयॉर्कमध्ये राहत असताना, कोणत्या दोन संगीतप्रकारांचा मेळ घालावा, असे इंटरनेटवर अनोळखी लोकांना विचारीत. एकाने 'ब्लॅक मेटल' सुचविले. दुसऱ्याने वंशद्वेषी शिवी वापरून कृष्णवर्णीयांचे संगीत. गान्यो यांनी ते आव्हान शब्दशः स्वीकारले आणि 'झील अँड आर्डर' या नावाने २०१६ साली 'डेव्हिल इज फाइन' हा अल्बम प्रसिद्ध केला. गुलामांच्या श्रमगीतांच्या व भक्तिगीतांच्या धाटणीच्या चाली त्यात ब्लॅक मेटलच्या गिटारशी जोडलेल्या आहेत. मुखपृष्ठावर रॉबर्ट स्मॉल्स यांचे छायाचित्र आहे. जन्मतः गुलाम असलेल्या स्मॉल्स यांनी १८६२ साली दक्षिणेकडील संघराज्याचे जहाज पळवून स्वतःची व कुटुंबाची मुक्तता केली आणि पुढे ते अमेरिकन काँग्रेसचे सदस्य झाले.

अमेरिकेतील गुलामांनी येशूऐवजी सैतानास स्वीकारले असते तर काय झाले असते, ही या अल्बममागील कल्पना. नॉर्वेतील तरुणांना परधर्म लादला गेल्याची तक्रार करण्यासाठी सुमारे हजार वर्षे मागे जावे लागले होते. अमेरिकेत ज्यांच्या पूर्वजांना मालकाचा धर्म साखळदंडांसह मिळाला, त्यांच्या बाबतीत ही घटना काही पिढ्यांपूर्वीची आहे.