रंध्याचे पाते आणि सांध्याची पकड

२२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचे पाणी महाडच्या घराघरांत शिरले. ते ओसरल्यावर रस्त्यांच्या कडेला चिखलाने माखलेल्या सामानाचे ढीग लागले. त्यात कपाटे, टेबले, पलंग पुष्कळ. पोलादपूरकडच्या एका ओळखीच्या सुतारासोबत मी त्यांतले सुटलेले सांधे पाहत हिंडलो. साधा पांढरा गोंद फार वेळ पाण्यात तग धरत नाही, तेव्हा सांधे सुटले यात नवल नव्हते. नवल होते ते सुटण्याच्या तऱ्हेत. काही ठिकाणी गोंदाला लाकडाचे तंतू चिकटून उपटून आले होते. काही ठिकाणी मात्र गोंदाची पापडी एका फळीवरून अख्खी निघाली होती आणि खालचे लाकूड गुळगुळीत, कोरे. म्हणजे तिथे गोंदाने लाकूड कधी धरलेच नव्हते.

सुतार म्हणाला, “पात्याला धार नसणार.” माझी तोवरची समजूत उलटी होती. मला वाटे, खरखरीत पृष्ठभागावर गोंद अधिक पकडतो. कित्येक कारागीरही चिकटवण्याआधी फळी मुद्दाम करवतीच्या पात्याने ओरखडतात.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. धारदार पाते या नळ्या स्वच्छ कापते, त्यांची तोंडे उघडी राहतात आणि गोंद आत उतरतो. बोथट पाते कापण्याऐवजी दाबते. वरच्या नळ्या चेपतात, त्यांचा एक पातळ चुरडलेला थर बनतो. गंमत अशी, की तळहाताला हाच पृष्ठभाग कधी कधी अधिक गुळगुळीत लागतो, चकाकतोही. गोंद या थराला चिकटतो खरा. पण थरच खालच्या लाकडाला जेमतेम धरून असतो. पॉलिशपेपरने घासल्यावरही थोड्याफार फरकाने हेच होते, शिवाय भुसा नळ्यांच्या तोंडाशी बसतो. ओरखडलेल्या फळ्यांची अडचण वेगळी. त्यांचे उंचवटे तेवढे एकमेकांना टेकतात आणि खळग्यांत गोंद जाड साचतो. पांढऱ्या गोंदाचा चांगला थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका पातळ लागतो. विजेच्या रंध्यानेही सुटका नाही. त्याची फिरती पाती बोथट झाली तर चेपतात आणि तापवतातही.

धारेइतकेच महत्त्व वेळेला आहे, आणि सागाच्या बाबतीत तर फारच. सागात तेलकट, रबरासारखी द्रव्ये असतात. रंधलेली फळी पडून राहिली की ती पृष्ठभागावर येतात. अमेरिकेत मॅडिसन येथे १९१० साली स्थापन झालेली वनोपज प्रयोगशाळा आपल्या लाकूडविषयक ग्रंथात रंधल्यापासून २४ तासांच्या आत चिकटवण्याचा सल्ला देते. पारख घरच्या घरी होते. महिनाभर पडलेल्या सागाच्या फळीवर मी पाण्याचा थेंब सोडला. तो मोत्यासारखा उभा राहिला. त्याच फळीवर धारदार रंधा दोनदा फिरवला, तर थेंब पसरून मुरू लागला. पाण्यात कालवलेला गोंद याहून वेगळे काय करणार?

या पांढऱ्या गोंदाचा कच्चा माल, विनाइल अ‍ॅसिटेट मोनोमर, एके काळी महाडच्याच औद्योगिक वसाहतीत बनत असे. गावाला गोंदाची ओळख अशी जवळची. तरी सांधा सुटला की दोष बहुधा गोंदाच्या डब्याला दिला जातो, रंध्याच्या पात्याकडे कोणी पाहत नाही.

आणखी एक अडचण आपल्या हवेची. हा गोंद सुकतो तो त्यातले पाणी लाकडात मुरून. आषाढात ओल ओढून बसलेली फळी ते पाणी सावकाश घेते, म्हणून शिकंजा नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवावा लागतो. आमचा सुतार मे महिन्यात फळ्या रंधून ठेवतो, पण अंतिम मापाला किंचित जाड. जोडणीच्या दिवशी सकाळी पाते दगडावर लावतो, शेवटचे दोन हात मारतो आणि त्याच दिवशी गोंद लावून शिकंजा आवळतो.