मोजकेपणाचा धडा: कुवेतचे जलमनोरे आणि पडद्यावरची संकलने

पांढरी भिंत, तिच्यापुढे एकच लाकडी खुर्ची, खिडकीतून आलेला तिरपा प्रकाश. ‘मिनिमल डिझाइन’ या नावाने निवडून मांडलेल्या छायाचित्रांची संकलने आज इंटरनेटवर मुबलक आहेत. बोधचिन्ह, भ्रमणध्वनीवरील अॅप, कार्यालयाची अंतर्रचना किंवा आखातातील भाड्याची सदनिका, यांपैकी काहीही सजवायचे असले तरी व्यावसायिकांची पहिली नजर तिकडेच जाते. निवड करणाऱ्याची दृष्टी चांगली असेल तर वेळही वाचतो.

अडचण वेगळीच आहे. छायाचित्रात रचनेचा शेवट दिसतो. काय वगळले आणि का वगळले, हे त्यात दिसत नाही. कोपनहेगनमधील भिंतभर काचेची खिडकी हिवाळ्यातल्या अपुऱ्या उजेडाला दिलेले उत्तर असते. कुवेतमधील मित्रिबा येथे २०१६ च्या जुलैमध्ये ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा प्रदेशात तीच खिडकी जशीच्या तशी उचलली, तर तिच्यासाठी पडदे, काचेवरचा थर आणि दिवसभर चालणारे वातानुकूलन, असा सगळा संसार मागाहून उभा करावा लागतो. चित्रातले ‘कमी’ प्रत्यक्षात ‘जास्त’ होऊन बसते.

मोजकेपणा कोठून येतो, हे पाहण्यासाठी कुवेतवासीयांना फार दूर जावे लागत नाही. या देशात नदी नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोडे पाणी शत अल अरबहून गलबतांनी आणले जाई. १९५० च्या दशकात समुद्राचे पाणी गोडे करण्याचे प्रकल्प सुरू झाले. ते साठवून घरोघरी पोहोचवण्यासाठी १९७० च्या दशकात स्वीडनच्या ‘व्हीबीबी’ या कंपनीने जलमनोऱ्यांची योजना उभारली. वास्तुविशारद सुने लिंडस्ट्रॉम यांनी शहराच्या पाच ठिकाणी मिळून ३१ मनोरे उभे केले. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ही काँक्रीटची भूछत्रे आजही दिसतात. स्वीडनमधील ओरेब्रो येथे १९५८ साली याच घडणीचा मनोरा त्यांनी बांधला होता.

भूछत्राचा आकार हौसेचा नाही. पाणी उंचावर असले की ते स्वतःच्या भाराने नळापर्यंत जाते. टाकी रुंद आणि उथळ असली, तर पातळी उतरली तरी दाब फारसा बदलत नाही. अरुंद आणि उंच टाकीत तो झपाट्याने घटतो. खाली निमुळता खांब असल्याने जमीन मोकळी राहते आणि वाळवंटात दुर्मीळ असलेली सावलीही मिळते. एका रेषेत तीन कामे होतात, आणि त्यावर आणखी काही जोडण्याची गरज उरत नाही.

सहाव्या ठिकाणी मात्र शेख जाबेर अल अहमद यांना काही वेगळे हवे होते. त्यातून मालेने ब्यॉर्न यांच्या आराखड्याचे कुवेत टॉवर्स साकारले आणि १९७९ मध्ये खुले झाले. मुख्य मनोरा १८७ मीटर उंच असून त्याच्या मोठ्या गोलाच्या खालच्या अर्ध्या भागात पाणी आणि वर उपाहारगृह आहे. दुसरा मनोरा फक्त पाण्यासाठी. तिसऱ्यात पाण्याचा थेंबही नाही. उरलेल्या दोघांवर प्रकाश टाकण्याची सामग्री तेवढी त्यात आहे. गोलांवर निळ्या, हिरव्या आणि करड्या छटांच्या मुलामा दिलेल्या सुमारे ४१ हजार पोलादी तबकड्या आहेत. संकलनांत त्यांचीच छायाचित्रे अधिक शोभतात. मोजकेपणाची कसोटी लावली, तर वस्त्यांमधील साधी भूछत्रेच सरस ठरतात. १९८० साली आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला, तो या संपूर्ण जलयोजनेला.

मराठी वाचकाला याच विचाराची ओळख स्वयंपाकघरातूनही पटेल. भारत सरकारच्या निमंत्रणावरून अमेरिकन रचनाकार चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ मध्ये लिहिलेल्या अहवालात सर्वाधिक कौतुक केले ते लोट्याचे, म्हणजे आपल्या तांब्याचे. त्यात पाणी किती मावते, तो डोक्यावर, कमरेवर की हातात धरायचा, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, आतून घासताना हात जातो का, धातूची मोड काय येईल, असे प्रश्न त्यांनी एकामागून एक मांडले. त्यांच्या मते हा आकार एका कोणा रचनाकाराचा नव्हे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरातून घडलेला आहे. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली, ती याच अहवालाच्या प्रेरणेने. वाड्यातील कोनाड्याबद्दलही हेच प्रश्न विचारता येतील: जाड भिंतीतच जागा केली की वेगळे फडताळ लागत नाही.

म्हणून संकलन निवडताना चित्रांच्या देखणेपणापेक्षा सोबत काय दिले आहे, ते पाहावे. मोजमापे, छेद-आराखडा, साहित्य, हवामान आणि वापरणारा माणूस यांचा उल्लेख असेल, तर एकच उदाहरण शंभर चित्रांना भारी पडते. इस्लामी जगातील वास्तूंचे आराखडे आणि नोंदी ‘आर्कनेट’ या मुक्त संग्रहात मिळतात. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाने अहमदाबादची संस्था आणि आयआयटी गुवाहाटी यांच्यासह उभारलेले ‘डी-सोर्स’ हे दालनही विनामूल्य आहे. तेथे भारतीय हस्तकलांची माहिती प्रक्रियेसह दिलेली असते, नुसत्या तयार वस्तूच्या छायाचित्रावर भागवलेले नसते.