हातघाईची विद्या : उज्जैनच्या आखाड्यापासून गलवानच्या खोऱ्यापर्यंत

उज्जैनमध्ये 'आखाडा' या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि दोन्ही आजही जिवंत आहेत. एक आखाडा साधूंचा. दर बारा वर्षांनी सिंहस्थाच्या निमित्ताने तो क्षिप्रेच्या काठी उतरतो. आता २०२८ च्या सिंहस्थात उतरेल. दुसरा आखाडा जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांत वर्षभर भरतो. तिथे लाल मातीचा हौद असतो, मारुतीची मूर्ती असते आणि एरंडेल तेलाने काळवंडलेला मल्लखांब असतो. पहिल्याकडे आज आपण धर्माच्या दृष्टीने पाहतो आणि दुसऱ्याकडे खेळाच्या. मुळात मात्र दोन्ही ठिकाणी एकच विद्या शिकवली जात होती : शत्रू हाताच्या अंतरावर आला असता काय करावे.

मराठीत या प्रसंगाला नेमका शब्द आहे, 'हातघाई'. लढाई हातघाईवर आली, असे बखरींच्या काळापासून म्हटले जाते. तोफा, बाण, बंदुका यांचे काम संपले आणि माणूस माणसाला भिडला, असा त्याचा अर्थ. आजच्या सैन्यात याच गोष्टीला 'अनआर्म्ड कॉम्बॅट' किंवा 'क्लोज क्वार्टर बॅटल' अशी नावे आहेत. क्षेपणास्त्रे आणि ड्रोन यांच्या युगात जवानाला मुठीने, कोपराने आणि काठीने लढायला शिकवण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न २०२० पर्यंत अनेक जाणकारही विचारीत असत.

उज्जैनचे आणि गोमंतकीयांचे नाते या विद्येच्याच काळातले आहे. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांनी उज्जैन ही आपली राजधानी केली. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी १७३४ च्या सुमारास महाकालेश्वराचे उद्ध्वस्त मंदिर पुन्हा उभे केले. पुढे महादजी शिंद्यांच्या सेनापतींत नाव गाजले ते जिवबादादा बक्षी यांचे. पेडणे महालातील केरी हे त्यांचे गाव. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. केरीच्या किनाऱ्यावर सहलीला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते, कोण जाणे.

त्या काळच्या फौजेत नागा गोसाव्यांच्या पलटणीही असत. अनुपगिरी गोसावी ऊर्फ हिंमतबहादूर १७६१ मध्ये पानिपतावर शुजाउद्दौल्याच्या बाजूने मराठ्यांविरुद्ध उभे होते आणि पुढे तेच महादजींच्या राजकारणात सामील झाले. सिंहस्थाच्या मिरवणुकीत नागा साधू तलवार आणि लाठी फिरवतात. आज ते दृश्य छायाचित्रकारांसाठी पर्वणी असले, तरी एके काळी तो त्यांचा उपजीविकेचा धंदा होता.

तालमीच्या आखाड्याची कथा वेगळी. मल्लविद्येचे वर्णन बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात आढळते. मल्लखांबाचा उल्लेखही त्यात आहे. परंतु आजच्या मल्लखांबाचे श्रेय परंपरा देते ते दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांना. निजामाच्या राज्यातून आलेल्या अली आणि गुलाब या दोन पहिलवानांचे आव्हान स्वीकारण्यासाठी त्यांनी वणीच्या सप्तशृंगी गडावर जाऊन ही विद्या सिद्ध केली, असे सांगितले जाते. बाळंभटांच्या शिष्यपरंपरेने ती पुढे देशभर नेली. उज्जैनने ती इतकी आपली मानली, की राष्ट्रीय पातळीवरील पहिली मल्लखांब स्पर्धा १९८१ मध्ये याच शहरात भरली. २०१३ मध्ये मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्यखेळाचा दर्जा दिला आणि २०२० मध्ये उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

मल्लखांब म्हणजे मल्लाचा खांब, हे नावच त्याचा उद्देश सांगते. सागाच्या किंवा शिसवीच्या या खांबाचे अंग, मान आणि बोंड असे तीन भाग असतात आणि तो खालून वर निमुळता होत जातो. म्हणजे तो एक लाकडी प्रतिस्पर्धीच आहे. त्याला तेल लावायचे ते पकड निसटावी म्हणून नव्हे, तर घर्षणाने कातडी सोलून निघू नये म्हणून. तेल असूनही जो मांड्यांनी खांब धरून ठेवतो, त्याच्या मिठीतून घामेजलेला माणूस सहज सुटत नाही. उलटे लोंबकळत असताना आपले शरीर नेमके कुठे आहे, याचे भान येणे हा याचा दुसरा लाभ. दोरीच्या मल्लखांबाचा उपयोग तर वेगळा सांगायला नको. हेलिकॉप्टरमधून दोरावरून घसरत उतरणाऱ्या कमांडोच्या पायांची पकड पाहिली, तर दोरीवरची पहिली पकड आठवते.

कुस्तीच्या जुन्या वर्गीकरणातही युद्धाची खूण शिल्लक आहे. हनुमंती कुस्ती चपळाईची आणि डावपेचांची, भीमसेनी ताकदीची, जांबुवंती प्रतिस्पर्ध्याला जखडून शरण आणण्याची आणि जरासंधी थेट अवयव मोडण्याची. स्पर्धेच्या कुस्तीतून शेवटचा प्रकार बाद झाला, हे योग्यच झाले. सैन्याला मात्र पहिल्या दोहोंपेक्षा शेवटच्या दोहोंची गरज अधिक. धोबीपछाड किंवा कलाजंग पाहून मैदान टाळ्या वाजवते; चौक्यांच्या सीमेवर टाळ्या वाजवायला कोणी नसते.

(श्रीकृष्ण आणि बलराम शिक्षणासाठी याच अवंतीनगरीत सांदीपनींकडे आले. चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकल्याची कथा सर्वश्रुत आहे. पण चाणूर आणि मुष्टिक या मल्लांना मथुरेच्या आखाड्यात त्यांनी त्याआधीच लोळवले होते, हा क्रम सहसा लक्षात घेतला जात नाही. आधी तालीम, मग शाळा.)

मग ही विद्या लष्करातून मागे का पडली? याचे उत्तर पुन्हा शिंद्यांच्याच फौजेत सापडते. १७८४ मध्ये महादजींनी बन्वा द बॉयन या फिरंगी सेनानीला चाकरीत घेतले आणि कवायती पलटणी उभ्या केल्या. त्यांचे शस्त्र होते बंदूक आणि तिच्या टोकाला लावलेली संगीन. दांडपट्टा चालवणाऱ्याला स्वतःभोवती मोकळे रिंगण लागते. खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या रांगेत त्याने पट्टा फिरवला, तर पहिला घाव शेजाऱ्यालाच बसेल. संगिनीची हालचाल मात्र केवळ पुढे आणि मागे. शौर्य तेच राहिले, भूमिती बदलली. एकेकट्या वीराची कला रांगेच्या शिस्तीपुढे निरुपयोगी ठरली आणि ती आखाड्यात, जत्रेत आणि मिरवणुकीत जाऊन राहिली. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये मुक्काम ग्वाल्हेरला हलवला. तिथे त्यांची छावणी पडली त्या भागाला आजही 'लष्कर' म्हणतात. उज्जैनला मागे राहिले ते आखाडे.

या मागे पडलेल्या विद्येची नोंद मराठीत झाली आहे, ही समाधानाची गोष्ट. बडोद्यात राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांनी जुम्मादादा व्यायाममंदिरातून तिचे पद्धतशीर शिक्षण दिले आणि द. चिं. मुजुमदार यांनी 'व्यायामज्ञानकोशा'च्या दहा खंडांत ती शब्दबद्ध केली. त्यातील बिनवट हा प्रकार आजच्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. सशस्त्र माणसापुढे निःशस्त्र माणसाने, फार तर हाताशी असलेल्या रुमालाच्या आधाराने, कसे टिकावे याची ती विद्या. पाश्चात्त्य सैन्याने हीच गोष्ट विसाव्या शतकात नव्याने शोधली.

तो शोध लागला शांघायमध्ये. विल्यम फेअरबेर्न हा इंग्रज १९०७ मध्ये तिथल्या पोलीस दलात दाखल झाला. रात्रीच्या गल्ल्यांत सुरे घेऊन फिरणाऱ्या टोळ्यांशी रोज गाठ पडत असताना त्याच्या लक्षात आले, की जपानी जुजुत्सूचे शेकडो डाव शिकून उपयोग नाही. भीतीच्या क्षणी हृदयाचे ठोके वाढतात, बोटांचे नाजूक नियंत्रण जाते, दृष्टी समोरच्या एका बिंदूवर खिळते. अशा वेळी शरीर फक्त ठळक आणि घटवलेल्या हालचाली करू शकते. म्हणून त्याने मोजके प्रहार ठेवले आणि बाकीचे गाळले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंना त्याने हेच शिकवले. पुढे इम्रे लिख्टेनफेल्ड यांनी इस्रायली सैन्यासाठी घडवलेली क्राव मगा आणि अमेरिकी मरीन दलाने या शतकाच्या आरंभी सुरू केलेला स्वतःचा मार्शल आर्ट्स कार्यक्रम, या साऱ्यांमागचा विचार थोड्याफार फरकाने तोच आहे.

आजच्या प्रशिक्षणाचे सूत्र एका वाक्यात सांगता येते : निःशस्त्र लढाईचा हेतू जिंकणे हा नसून पुन्हा शस्त्रापर्यंत पोहोचणे हा आहे. बंदुकीत गोळी अडकली, शत्रूने नळी धरली, अंधाऱ्या खोलीत अंतर उरले नाही. अशा दोन-चार क्षणांची ती तरतूद असते. म्हणून मुठीऐवजी तळहाताचा बुंधा वापरायला शिकवतात, कारण कवटीवर मूठ आपटली तर हाताचीच हाडे मोडतात आणि मग बंदुकीचा घोडा ओढायचा कशाने? उंच लाथांना स्थान नसते, कारण पाठीवर ओझे, अंगावर चिलखत आणि पायांत जड बूट असताना त्या मारताच येत नाहीत. बहुतेक देशांच्या कमांडो शिक्षणक्रमात हा सराव मुद्दाम शरीर थकल्यावर घेतात. ताजातवाना माणूस कोणताही डाव करतो. प्रश्न दमलेल्या माणसाचा असतो.

भारतात या शिक्षणाची काही महत्त्वाची केंद्रे माळव्याच्या परिसरातच आहेत. उज्जैनपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर महू येथे पायदळाचे इन्फन्ट्री स्कूल आहे. उज्जैन विभागातीलच नीमच येथे १९३९ मध्ये आजच्या केंद्रीय राखीव पोलीस दलाचा जन्म झाला. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाची अकादमी आहे. आणि गोव्याच्या वाचकाला जवळची गोष्ट म्हणजे महूच्या इन्फन्ट्री स्कूलचीच शाखा असलेली ज्युनियर लीडर्स विंग चोर्ला घाटापलीकडे बेळगावात आहे. पायदळाच्या प्रत्येक बटालियनमध्ये निवडक जवानांची 'घातक' तुकडी असते. तिच्या जवानांना कमांडो शिक्षण मिळते ते तिथे.

या शिक्षणाचा कस कारगिलमध्ये लागला. ४ जुलै १९९९ रोजी पॉइंट ४८७५ वर रायफलमॅन संजय कुमार यांनी गोळ्या लागलेल्या स्थितीत शत्रूच्या मोर्चावर झेप घेतली आणि हातघाईत तिघांना ठार केले. मग पळणाऱ्यांनी टाकलेली मशिनगन उचलून त्यांनी तिचाच मारा केला. परमवीर चक्राच्या मानपत्रातला हा क्रम वर सांगितलेल्या सूत्राचेच उदाहरण आहे.

गलवानची गोष्ट याहून वेगळी. २९ नोव्हेंबर १९९६ च्या भारत-चीन करारानुसार प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करण्यास दोन्ही बाजूंना मनाई आहे. युद्ध टळावे म्हणून केलेल्या या तरतुदीने संघर्ष मात्र शेकडो वर्षे मागे नेला. १५ जून २०२० च्या रात्री कर्नल संतोष बाबू यांच्यासह वीस भारतीय जवानांना वीरमरण आले, ते काठ्या, दगड आणि खिळे ठोकलेले दांडके यांच्या मारामारीत. चौदा हजार फुटांच्या आसपास, जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्केच असतो, तिथे थंडगार नदीच्या काठी रात्रभर माणसे माणसांशी झुंजली. डिसेंबर २०२२ मध्ये तवांगजवळ यांगत्से येथे पुन्हा अशीच झटापट झाली. निःशस्त्र लढाई ही आता सैनिकाची शेवटची तरतूद राहिली नव्हती. त्या सीमेवर ती पहिलीच ठरली होती. पुण्याच्या आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल ट्रेनिंगने तयार केलेला 'अमर' हा मार्शल आर्ट्सचा शिक्षणक्रम याच पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. संचलनात कौले फोडण्याची प्रात्यक्षिके होतात, ती प्रेक्षकांसाठी. कौल उलटून मारीत नाही.

आणि कोणतेही शिक्षण संरक्षणाची हमी देत नाही, हेही स्पष्ट असावे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हाती केवळ लाठी होती. सैन्यातून निवृत्त होऊन पोलिसांत आलेल्या ओंबळे यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी धरली आणि गोळ्या लागूनही ती सोडली नाही. तेवढ्या अवधीत सहकाऱ्यांनी त्याला जिवंत पकडले. बंदूक हिसकावण्याच्या शिक्षणात नळीची दिशा स्वतःच्या शरीरापासून वळवणे हा पहिला नियम असतो. त्या क्षणी ओंबळे यांच्यापुढे तो पर्याय होता की नव्हता, हे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही.

आखाड्यातून सैन्यात जाणाऱ्या तरुणाजवळ ताकद, पकड आणि दमसास आधीच असतो. त्याला शिकवण्यापेक्षा विसरायला लावणे अवघड जाते. कुस्तीत पाठ मातीला टेकली की हार. म्हणून संकटात सापडलेला पहिलवान झटकन पालथा पडतो आणि मातीला घट्ट चिकटून राहतो. वर्षानुवर्षांच्या सरावाने ही हालचाल विचारापूर्वीच घडते. हातात सुरा असलेल्या शत्रूपुढे मात्र पालथे पडणे म्हणजे त्याला मान आणि पाठ देणे. तिथे पाठीवर पडून, पाय शत्रूच्या बाजूला ठेवून, त्याला अंतरावर रोखत उठायचे असते. म्हणून अशा जवानाचा सराव पाठीवर पडण्यापासून सुरू करावा लागतो.