जखमेला टाके, हिंसेला काय?

अमेरिकेत कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला, की ‘हे लोक असेच!’ म्हणून हात झटकणारे पुष्कळ. त्यांना विज्ञानाच्या आधारे उत्तर दिले ते डॉ. डेबोरा प्रोथ्रो-स्टिथ या कृष्णवर्णीय डॉक्टर महिलेने. 1979 साली हार्वर्डची वैद्यकीय पदवी घेऊन त्या बोस्टनच्या सरकारी रुग्णालयात काम करू लागल्या. भोसकलेल्या पोराला टाके घालायचे आणि पुन्हा त्याच रस्त्यावर सोडायचे, हा तिथला शिरस्ता. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याची विचारपूस होते, मग या पोरांची का नाही? हा त्यांचा सवाल होता.

बहुतेक खून दरोडेखोर नव्हे, ओळखीचीच माणसे करतात, हे त्यांनी ठासून मांडले. भांडण, दारू आणि हाताशी शस्त्र! त्यामागे गरिबी, वर्णद्वेष आणि बालपणी पाहिलेली, सोसलेली मारहाण. 1987 साली त्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या आरोग्य आयुक्त झाल्या. त्याच वर्षी शाळकरी मुलांसाठी त्यांचा अभ्यासक्रम आला. राग येणे गैर नाही; तो कसा हाताळायचा हे शिकता येते, हा त्याचा गाभा.

बोस्टनमध्ये 1990 साली 152 खून झाले, 1999 साली 31. हे श्रेय एकट्या डॉक्टरांचे नाही. शाळा, चर्च, पोलीस, वस्तीतली माणसे, सारेच राबले. पण आम्ही विचारतो, हिंसा रक्तातच असती तर नऊ वर्षांत रक्त बदलले काय? बदलली ती परिस्थिती. माणसांवर गुन्हेगारीचा शिक्का मारणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा!