आई-वडील वृद्धाश्रमात राहायला जातात तेव्हा : मनाचा आणि पैशाचा हिशेब



आपल्या आदिलाबाद परिसरातल्या मराठी घरांत हा विषय अजून दबक्या आवाजातच बोलला जातो. मुले हैदराबाद, पुणे किंवा परदेशात. जुन्या घरात आई एकटी, पडण्याची भीती, रात्री सोबतीला कोणी नाही. मग वृद्धाश्रमाचा निर्णय होतो, पण ‘लोक काय म्हणतील’ म्हणून तो घाईत आणि न बोलता घेतला जातो.

आश्रमात ठेवणे म्हणजे टाकून देणे नव्हे. टाकून दिले की नाही हे पुढे दोन गोष्टींवरून ठरते : त्यांचा पैसा त्यांच्याच नावावर राहिला का, आणि आपले भेटायला जाणे चालू राहिले का.

जागा पाहताना

हा प्रकार आपल्याला नवा नाही. पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात उमरी पठारचा संत दोला महाराज वृद्धाश्रम आहे. महाराष्ट्र सरकारने १९९५ मध्ये ‘मातोश्री वृद्धाश्रम’ योजना आणली. आपल्याकडे प्रश्न येतो तो भाषेचा आणि जेवणाचा. बाजारापुरती तेलुगू येणाऱ्या आजीला रात्री पोटात दुखले तर ते कोणाला सांगायचे? स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा बरेचदा आधी सुटते, मातृभाषा उरते. म्हणून मराठी समजणारे कोणी आहे का, भाकरी मिळते का, हे फीच्या आधी विचारावे. नदीपलीकडे ठेवणार असाल तर तेलंगणाची पेन्शन, रेशन व आरोग्यश्री यांचे काय होईल, हे आधी मंडल कार्यालयात विचारून घ्यावे.

महिन्याचा हिशेब

बँकेच्या नोकरीत अशी बरीच कुटुंबे पाहिली. पैसे कमी पडले म्हणून झालेली भांडणे थोडी. कोणी किती द्यायचे हे आधी ठरले नाही म्हणून झालेली जास्त. एक नमुना पाहू. फी १२,००० रुपये, औषधे ३,०००, डायपर व इतर २,००० असे १७,००० धरले. आईची कुटुंब निवृत्ती ९,००० आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १० लाख ठेवले तर ८.२ टक्क्यांनी वर्षाला ८२,०००, म्हणजे महिन्याला सुमारे ६,८३० येतात. उरलेले जवळपास १,१७० रुपये भावंडांनी वाटून घ्यायचे. (दर सरकार तिमाहीला जाहीर करते, त्या दिवसाचा दर पोस्टात विचारावा. गुंतवणुकीची मर्यादा ३० लाख आहे.)

दोन गोष्टी विसरू नका. फी दरवर्षी ८ टक्के वाढली तर पाच वर्षांनी १२,००० चे १७,६०० होतात. आणि या योजनेचे व्याज तीन महिन्यांनी येते, मुदतीआधी खाते मोडल्यास कपात होते. म्हणून सहा महिन्यांची फी बचत खात्यात वेगळी ठेवावी. अनामत रकमेतले किती परत मिळते आणि दवाखान्यात भरती झाल्यास खर्च कोणाचा, हे लेखी घ्यावे.

कागदपत्रे

खाते आईच्याच नावाने राहू द्या. विश्वासाच्या एकाचे नाव जोडा, नॉमिनी तपासा. सही जमत नसेल तर अंगठा चालतो. त्याला दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. ७० वर्षांवरील खातेदारांना घरपोच सेवेची तरतूद आहे. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये, ८० वर्षांवरील केंद्रीय पेन्शनरांना ऑक्टोबरपासून देता येतो; ‘जीवन प्रमाण’मुळे आश्रमात बसून मोबाइलवरही होतो. मुखत्यारपत्रावर फार विसंबू नका; देणाऱ्याची समज गेली की त्याचा उपयोग राहत नाही.

शेत किंवा घर घाईने मुलाच्या नावे करू नये. करायचेच असेल तर ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ असे बक्षीसपत्रात लिहावे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अट मोडल्यास ते रद्द करून मागता येते. अर्ज आरडीओंकडे करायचा असतो.

मनाचे काय?

‘चार दिवसांसाठी चल’ असे खोटे सांगून नेऊ नये. जागा त्यांना आधी दाखवावी, शक्य तर दोन दिवस राहून पाहू द्यावे. बरोबर त्यांची गोधडी, देवघरातली एखादी मूर्ती, फोटो द्यावेत. पहिले काही आठवडे ‘मला घरी ने’ हे ऐकावे लागते. वाद घालू नये, जवळ बसावे. फोनची वेळ ठरलेली असावी, कारण त्या वेळेची वाट पाहिली जाते.

घरी सांभाळणाऱ्या सुनेला किंवा लेकीला सुटल्यासारखेही वाटते आणि अपराधीही वाटते. दोन्ही खरे असते. तिला बोल लावू नये. नावे ठेवणाऱ्या नातेवाइकांना भेटीची एक पाळी द्यावी.

शेवटी एक काम. जाण्याआधी सगळ्या भावंडांनी बसून एका कागदावर लिहावे : फी कोण भरणार, औषधे कोण पाहणार, कोणत्या रविवारी कोण जाणार, दिवाळीला घरी कोण आणणार. प्रत्येकाने प्रत ठेवावी आणि एक आईच्या हातात द्यावी. अडचण आल्यास ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.