जत्रेतलं निरांजन

बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या मध्यभागी एक अजस्र कृष्णविवर असतं. त्यात वायू ओढला जाऊ लागला की तो तापतो, झळाळतो आणि ते केंद्र ‘सक्रिय’ ठरतं. भरपेट खाणारं विवर ओळखणं सोपं; अशा झळाळत्या केंद्राला क्वेसार म्हणतात, तो अब्जावधी प्रकाशवर्षांवरूनही दिसतो. पंचाईत होते ती अर्धपोटी विवरांची. त्यांचा उजेड भोवतालच्या ताऱ्यांत बुडून जातो, जत्रेच्या झगमगाटात कुणी निरांजन लावावं तसा. त्यात पुष्कळदा धुळीचा पडदा आडवा येतो.

मग जत्रेतले दिवे मालवायचे. क्ष-किरणांत साधे तारे फार मंद असतात, आणि जोरकस क्ष-किरण धुळीतूनही आरपार येतात. वातावरण मात्र त्यांना अडवतं, म्हणून दुर्बीण अवकाशात हवी. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत घडलेली अशी एक दुर्बीण 28 सप्टेंबर 2015 रोजी ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रहासोबत वर गेली. आरशावर सरळ आदळलेला क्ष-किरण परततच नाही. म्हणून सोन्याचा मुलामा दिलेले पातळ पत्रे किरणांना जवळपास समांतर, एकात एक बसवतात. तळ्यात तिरका फेकलेला चपटा दगड टप्पा घेतो, तसे किरण पत्र्यावरून निसटून एकवटतात.

अगदी बिंदूत नव्हे. या दुर्बिणीत एका स्रोताचा ठिपका पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे पंधराव्या हिश्श्याएवढा रुंद असतो. तेवढ्यात अंधुक दीर्घिका कितीतरी मावतात. उजळ केंद्रांच्या अभ्यासाला हे चालतं, अंधुकांच्या शोधाला नाही. तिथे 1999 साली सोडलेली ‘चंद्रा’ ही क्ष-किरण दुर्बीण लागते. तिचा ठिपका चंद्राच्या व्यासाच्या 3600व्या भागाएवढा. आकाशाचा एकच तुकडा तिने एकूण 70 लाख सेकंद, म्हणजे सुमारे 81 दिवस, न्याहाळला, तेव्हा हजारेक स्रोत हाती लागले.

ठिपका कुणाचा, हे मात्र दृश्य प्रकाशच सांगतो. त्या जागेवरच्या दीर्घिकेचा वर्णपट घ्यायचा. आंबेगाव तालुक्यातल्या गिरवलीच्या डोंगरावर ‘आयुका’ या खगोलसंस्थेची 2 मीटरची दुर्बीण आहे, तिच्यावरच्या वर्णपटमापकाच्या नावातच ‘अंधुक वस्तू’ आहेत. हायड्रोजनची रेषा पसरट दिसली तर वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरतोय. रेषा अरुंद असेल तर ऑक्सिजन आणि नायट्रोजनच्या रेषा हायड्रोजनच्या तुलनेत किती ठळक, ते मोजायचं. दोन्ही गुणोत्तरं चढी असतील तर हे काम तरुण ताऱ्यांचं नसावं. ही मोजपट्टी 1981पासून वापरात आहे.

रेषा तांबड्याकडे किती सरकल्या यावरून अंतर कळतं, अंतरावरून खरी तेजस्विता. क्ष-किरणांतच 26 कोटी सूर्यांइतकी ऊर्जा बाहेर पडत असेल तर संशय फिटला, कारण साध्या दीर्घिकेतले क्ष-किरण सोडणारे जोडतारे सहसा तिथवर पोचत नाहीत.

पण 26 कोटींची ही सीमारेघ सोयीची आहे, न्याय्य नाही. आपल्यापासून जेमतेम 1.2 कोटी प्रकाशवर्षांवरच्या एम81 दीर्घिकेचं केंद्र सक्रिय असूनही त्या रेघेच्या बरंच खाली राहतं. अशा वेळी स्रोत नेमका मध्यावर आहे का, लुकलुकतो का, हे पाहावं लागतं. आणि काही केंद्रं क्ष-किरणांत लख्ख, वर्णपटात मात्र अगदी साळसूद. तिथे धूळ तरी आड असते, नाहीतर वर्णपटात अख्ख्या दीर्घिकेचा उजेड मिसळलेला असतो: पुन्हा जत्राच.