आपला तो प्रो, दुसऱ्याचा तो नूब!

गेम कोणता भारी, फोन कोणाचा भारी, विंडोज चांगलं की लिनक्स? मोबाइलवर रोज रंगणारी ही भांडणं नक्की कशावरून होतात? यंत्रावरून की खिशावरून?

कॉलेजच्या कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'फ्री फायर हा काय गेम आहे का?' एवढं एक वाक्य टाकून बघा. ज्या ग्रुपवर प्रॅक्टिकलची तारीख विचारली तर दोन दिवस कोणी उत्तर देत नाही, तिथे पाच मिनिटांत मेसेजचा ढीग पडतो. हिंगोली असो, वसमत, कळमनुरी, सेनगाव की औंढा, मंडळी लगेच दोन गटांत वाटली जातात. एक जण ग्राफिक्सचं सांगतो, दुसरा हेडशॉटचं. मग गेम बाजूला पडतो आणि फोनची कंपनी निघते. शेवटी कोणीतरी लिहितो, 'आधी चांगला फोन घे, मग बोल.'

यावर समोरच्याकडे उत्तर नसतं. कारण हे वाक्य गेमबद्दल नसतंच, ते त्याच्या घरच्या परिस्थितीबद्दल असतं. तो ग्रुप सोडत नाही, फक्त गप्प होतो. आपण म्हणतो, 'हरला बघ!'

एक जीबी, दोन जीबी

पब्जी मोबाइल २०१८ मध्ये आपल्याकडे आला. एका डावात १०० खेळाडू, 'एरँगल'चा आठ बाय आठ किलोमीटरचा नकाशा आणि शेवटपर्यंत टिकलात तर अर्धा तास लागणार. त्यासाठी फोनला निदान दोन जीबी रॅम लागायची, अडखळल्याशिवाय खेळायचं तर त्याहून जास्त. सिंगापूरच्या 'गरेना' कंपनीचा फ्री फायर मात्र ५० खेळाडूंचा, साधारण दहा मिनिटांत आटोपणारा आणि एक जीबी रॅमच्या फोनवरही चालणारा.

आता आपल्याकडचं चित्र आठवा. घरात एकच स्मार्टफोन, तोही बाबा शेतातून आले की त्यांच्या हातात जाणार. नेट पॅक दिवसाला मोजून मिळालेला. अशा घरातल्या पोराने फ्री फायर निवडला, असं म्हणण्यात फारसा अर्थ नाही. त्याच्या फोनने तो निवडला. आवड नंतर लागली. पण यावरून टोमणा तयार झाला तो थेट 'गरीबों का पबजी' असा. गेमला ठेवलेलं नाव खेळणाऱ्याला चिकटायला वेळ लागला नाही.

पुढे दोन्ही गटांवर पाळी आली. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने पब्जीसह ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली, तेव्हा हसायची संधी फ्री फायरवाल्यांना मिळाली. २ जुलै २०२१ ला पब्जी 'बीजीएमआय' या नावाने परत आला. १४ फेब्रुवारी २०२२ ला ५४ अ‍ॅप्सच्या यादीत फ्री फायर गेला आणि 'मॅक्स' तेवढा उरला. त्याच वर्षी जुलैच्या शेवटी बीजीएमआयही प्ले स्टोअरवरून गायब झाला, तो मे २०२३ मध्ये परतला. प्रत्येक वेळी एका गटाने दुसऱ्याला डिवचून घेतलं. पण या बंद्यांमागे मुद्दा होता देशाच्या सुरक्षेचा आणि आपली माहिती कोणत्या देशातल्या सर्व्हरवर जाते याचा. हा मुद्दा दोन्ही गटांच्या फोनला सारखाच लागू होता. त्यावर आपल्या ग्रुपवर किती मेसेज पडले होते, जरा आठवून बघा.

घेतलं ते भारी!

आपण असे का वागतो, याचा अभ्यास मोबाइल यायच्या कितीतरी आधी झालाय. १९५६ मध्ये जॅक ब्रेहम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने काही तरुणींना घरगुती वापराच्या वस्तू दाखवल्या आणि प्रत्येक वस्तूला गुण द्यायला सांगितले. मग त्यांतल्या दोन पुढे ठेवून एक घरी न्यायला सांगितली. त्यानंतर पुन्हा गुण द्यायला लावले, तर निवडलेल्या वस्तूचे गुण वाढले आणि नाकारलेल्या वस्तूचे कमी झाले. वस्तू त्याच होत्या. निवड करून झाली होती, एवढाच फरक.

हळदीची पट्टी आल्यावर बाबांनी घेऊन दिलेला फोन किंवा बारा हप्त्यांवर उचललेला लॅपटॉप असेल, तर हे आणखी घट्ट होतं. तो फोन वाईट आहे म्हणणं म्हणजे बाबांचे पैसे वाया गेले म्हणणं. त्यामुळे हँग होणाऱ्या फोनचीही बाजू आपण जीव तोडून लढवतो.

दुसरा प्रयोग हेन्री ताजफेल यांचा. त्याचे निष्कर्ष १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांना त्यांनी काही चित्रं दाखवली आणि 'तुला अमक्या चित्रकाराची आवडली, तू या गटातला' असं सांगून दोन गट पाडले. प्रत्यक्षात गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे कसेही पाडले होते. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना माहीत नव्हतं. तरी पैसे वाटायची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. गंमत म्हणजे, आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण समोरच्यापेक्षा जास्त मिळाले पाहिजेत, असाही कल दिसला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

कंपन्या भांडत नाहीत

कन्सोलचं भांडण तर याहून जुनं. १९९० च्या दशकात अमेरिकेत निन्टेन्डो आणि सेगा या दोन जपानी कंपन्यांची झुंज लागली होती. निन्टेन्डोचा मारिओ, सेगाचा सोनिक. सेगाच्या जाहिराती निन्टेन्डोला नाव घेऊन हिणवायच्या आणि शाळाशाळांत पोरं आपापल्या कंपनीसाठी भांडायची. २००१ मध्ये सेगाने कन्सोल बनवणं थांबवल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षाच्या शेवटी सोनिकचे गेम निन्टेन्डोच्या यंत्रांवर आले, आणि २००७ मध्ये तर मारिओ आणि सोनिक ऑलिम्पिकवरच्या एकाच गेममध्ये एकत्र खेळले.

आजचं प्लेस्टेशन विरुद्ध एक्सबॉक्सही त्याच वाटेने चाललंय. मायक्रोसॉफ्टचा 'सी ऑफ थीव्हज' एप्रिल २०२४ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन ५ वर आला, 'फोर्झा होरायझन ५' एप्रिल २०२५ मध्ये. जिथे गिऱ्हाईक आहे तिथे कंपनी जाणार, तिला आपल्या भांडणाचं काय? आणि प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं तेव्हा त्याची किंमत होती ४९,९९० रुपये. त्याच्या बाजूने तावातावाने भांडणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्याचा कंट्रोलर हातात धरलाय, हा प्रश्न विचारायलाच नको.

बावीस वर्षांचा पोरगा आणि प्राध्यापक

मग वाद घालूच नये का? तसं अजिबात नाही. संगणकाच्या जगातला एक गाजलेला वाद एका विद्यार्थ्यानेच घातला होता.

लिनस टोरवाल्ड्स हा फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी. १९९१ च्या सुरुवातीला त्याने हप्त्यांवर एक संगणक घेतला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंटरनेटवर जाहीर केलं की आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय. तीच पुढे लिनक्स झाली. २९ जानेवारी १९९२ ला अ‍ॅमस्टरडॅमचे नामांकित प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी एका चर्चागटात सगळ्यांसमोर लिहिलं की लिनक्स कालबाह्य आहे. हा माणूस साधासुधा नव्हता. त्यांच्याच 'मिनिक्स' या सिस्टिमवर आणि पुस्तकावर लिनस शिकला होता.

त्यांचे आक्षेप दोन. पहिला, लिनक्सने सगळी कामं एकाच मोठ्या गाभ्यात कोंबली आहेत. गाभा लहान ठेवून बाकीची कामं वेगळी करायला हवीत. दुसरा, लिनक्स इंटेलच्या एकाच प्रोसेसरला बांधलेलं आहे. तू माझा विद्यार्थी असतास तर तुला चांगले मार्क मिळाले नसते, असंही त्यांनी पुढे सुनावलं. बावीस वर्षांचा लिनस भडकला आणि त्याने तसंच झणझणीत उत्तर दिलं. मग राग उतरल्यावर त्याच चर्चेत आपल्या भाषेबद्दल माफी मागितली. मुद्दे मात्र सोडले नाहीत.

पुढे काय झालं? एकाच प्रोसेसरला बांधल्याचा आक्षेप खरा होता. मग लिनक्स हळूहळू इतर प्रोसेसरवरही चालू लागलं. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीत एकूण एक संगणक लिनक्सवर चालतो. अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच. म्हणजे 'डब्बा' म्हणून हिणवलेल्या त्या एक जीबीच्या फोनमध्येही तेच. काखेत कळसा आणि गावाला वळसा! प्राध्यापकही हरले नाहीत. २०१७ मध्ये सगळ्यांना कळलं की इंटेलच्या नव्या चिपमधल्या एका छोट्या भागात मिनिक्स चालतं. म्हणजे लिनक्स टाकलेल्या एखाद्या नव्या लॅपटॉपमध्ये ते दोघंही आज एकत्र नांदत असतील.

या वादात तिखट शब्द होतेच. पण कोणी 'तुझा संगणक हप्त्यावरचा आहे, तू गप्प बस' असं म्हटलं नाही. म्हणून त्यातून काहीतरी उभं राहिलं.

आपल्या लॅपटॉपचा प्रश्न

'विंडोज की लिनक्स' हा वाद आपल्यासाठी आता नुसता टाइमपास राहिलेला नाही. आपल्याकडे संगणक शिकणं म्हणजे एमएस-सीआयटी आणि एमएस-सीआयटी म्हणजे विंडोज, असंच आपण धरून चालतो. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला 'टीपीएम २.०' ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर. २०१६ चा चालता लॅपटॉप त्यात बसत नाही. मोठ्या भावाचा वापरलेला लॅपटॉप ज्याच्या वाट्याला आलाय, त्याच्यापुढे खरा प्रश्न उभा आहे. नवा घ्यायचा, जुना धोका पत्करून तसाच वापरायचा की त्यावर उबुंटू किंवा मिंट टाकून बघायचं? ही दोन्ही लिनक्सचीच रूपं आणि फुकट मिळणारी. आपल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाची लिनक्सवर बेतलेली सिस्टिम केली आहे. केरळच्या सरकारी शाळांत तर मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकतायत.

हा प्रश्न ग्रुपवर विचारला तर काय होतं? 'एवढं पण येत नाही?', 'लिनक्स हॅकर लोक वापरतात', 'मॅकबुक घे ना भावा'. विचारणारा पुन्हा गप्प. आणि इथे त्याचं गप्प होणं महागात पडतं. गेमच्या भांडणात त्याचा फक्त मूड गेला होता, इथे शिकण्याची संधी जाते.

संधी म्हणजे किती जवळची? औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याला 'लायगो-इंडिया' उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली, खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजा, आणि त्यांत प्रोटॉनच्या रुंदीच्या दहाहजाराव्या भागाइतका बदल मोजायचा! अशा अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ ला गुरुत्वीय लहर पहिल्यांदा टिपली. या कामातली माहिती चाळणारे मोठाले संगणक लिनक्सवर चालतात. त्या पहिल्या लहरीचा डेटा इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला आहे, सोबत पायथॉनमधले धडेही आहेत. ते धडे ब्राउझरमध्येही चालतात. तिथे तुमचा लॅपटॉप कोणत्या कंपनीचा, हे कोणी विचारत नाही.

उद्या दुधाळ्याला कामाला माणसं लागतील, तेव्हा ती पुण्या-मुंबईहूनच यावीत का? आज ग्रुपवर ज्याला आपण 'नूब' म्हणून गप्प केलं, तो कदाचित तिथे जाऊ शकला असता.

पुढचा वाद पेटला की…

• 'भारी' म्हणजे नक्की कशात? ग्राफिक्स, बॅटरी, किंमत की दुरुस्ती? आधी ते ठरवा. अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

• ज्या वस्तूला नावं ठेवताय ती एकदा वापरून बघा. लिनक्स पेनड्राइव्हवरून, लॅपटॉपमधलं काही न पुसता, चालवून बघता येतं.

• आपल्या फोनचा, गेमचा एक तरी दोष स्वतःहून सांगा. समोरचाही सांगू लागतो.

• गेमला शिव्या घाला, ग्राफिक्सला घाला, कंपनीला घाला. कोणाच्या घरच्या ऐपतीवर मात्र जाऊ नका. दुसरं कोणी गेलं तर त्याला तिथेच थांबवा.

• कोणी साधा प्रश्न विचारला तर आधी उत्तर द्या. चिडवायला अख्खी रात्र पडलीय!